सहा की सात

पोलादपूरच्या वर आंबेनळीच्या घाटात मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि त्या कामावर कुशाबाचा मान वेगळा होता. घण मारणारे पुष्कळ होते, पहार धरणारेही तेवढेच, पण सुरुंग मोजणारा तो एकटा. कातळात भोकं पाडून दारू ठासली आणि वाती पेटवल्या, की सगळी माणसं वळणाआड पळायची आणि कुशाबा तिथे डोळे मिटून उभा राहायचा. सात सुरुंग लावलेले असले आणि सात बार ऐकू आले, तर म्हणायचा, "सात. चला." एखादा कमी पडला तर म्हणायचा, "एक राहिला." मग त्या दिवशी त्या कातळाकडे कुणी फिरकायचं नाही, कारण न उडालेल्या सुरुंगावर पहारीचा एक ठोका पुरे होतो. चार वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता.

माघात एका सकाळी गोमाजी मुकादमाने वाती आखूड कापल्या. वातीचं बंडल संपत आलं होतं आणि महाडहून नवं यायला दोन दिवस होते. कुशाबा शेवटची वात पेटवून वळला आणि दहा पावलंही गेला नसेल, तोच पहिला बार त्याच्या पाठीशी उडाला. तो तोंडावर आपटला. हैबती धावत आला आणि त्याला बखोटीला धरून ओढत वळणाआड घेऊन गेला. दोघं एकाच वाडीतले, शेजारी शेजारी घरं, आणि कामावर एकाने पहार धरायची नि दुसऱ्याने घण मारायचा, अशी त्यांची जोडी. हैबतीचे ओठ हलत होते, पण कुशाबाला शब्द ऐकू येत नव्हते.

दुपारपर्यंत ऐकू यायला लागलं. अंगावर ओरखडाही नव्हता. गोमाजी म्हणाला, "देवाची कृपा." आणि घण पुन्हा सुरू झाले.

पण डाव्या कानात एक आवाज राहिला. बारीक, एकसुरी, तांब्यात पाणी तापत आलं की जसं सूं करतं तसा. कुशाबाला वाटलं, संध्याकाळपर्यंत जाईल. मग वाटलं, झोपून उठलो की जाईल. चौथ्या दिवशी तो अंगणात उभा राहून बायकोला म्हणाला, "मैना, बाहेर काय वाजतंय गो?"

"काय नाय वाजत."

"नीट ऐक."

तिने ऐकलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिचं काळीज चरकलं.

मग उपाय सुरू झाले. लसूण कढवलेलं तेल घातलं. मिठाची पुरचुंडी शेकली. त्याच्या आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पाचव्या दिवशी देवऋषी आला, त्याने कोंबडं मागितलं आणि ते नेलंही. आवाज तसाच. कुशाबाला जेवताना घास चावल्याचा आवाज बरा वाटायचा, कारण तेवढा वेळ ते सूं दबायचं. मैना जात्यावर बसली की तो जात्याशेजारी येऊन पडायचा. भाकरीपुरतं पीठ झालं तरी ती रिकामं जातं थोडं ओढत राहायची. पण तिलाही कामं होती. ती उठली की घर शांत व्हायचं, आणि शांत झालेल्या घराचा त्याला राग यायचा. पोरं हळू बोलली तरी खेकसायचा आणि मोठ्याने बोलली तरी खेकसायचा.

हैबती विचारायचा, "आज कसा हाय?"

"हाय तसाच."

"दिसत नाय ना काय. नायतर लोकांनी तरी मानलं असतं."

तेच खरं होतं. आदल्या वर्षी एकाच्या पायावर धोंडा पडला, तेव्हा अख्खी वाडी त्याला बघायला गेली होती. कुशाबाकडे कुणी आलं नाही. काय बघायला यायचं?

पहारींना धार लावायला महाडचा अब्बास लोहार घाटात भाता लावून बसायचा. एका दुपारी कुशाबा त्याच्या ऐरणीशेजारी मुद्दाम जाऊन बसला. अब्बासने काही वेळ बघितलं आणि विचारलं, "कंच्या कानात?"

कुशाबा चमकला.

"माझ्या दोन्हींत हाय," अब्बास म्हणाला. "वीस वर्सं झाली."

"जात नाय?"

"माझा नाय गेला. पण सुरवातीला जीव खातो तसा मागनं खात नाय. तू सारखा त्याच्याकडं कान लावून बसतोस ना, तेवढं सोड. सुटतं हळूहळू." मग भात्याची दोरी ओढत त्याने आवाज उतरवला. "आणि एक सांगतो. इथं कुणाला बोलू नको. मुकादमाला तर नायच."

कुशाबाने एवढं ऐकायला हवं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात त्याला वाटायला लागलं, की आता डोकं फिरेल. महाडला डॉक्टरला दाखवायचं तर एक दिवसाची सुट्टी हवी होती आणि सुट्टीला कारण हवं होतं. त्याने गोमाजीला सगळं सांगितलं. गोमाजीने मान हलवून ऐकून घेतलं. वाती कुणी कापल्या होत्या, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

महाडच्या पेठेतल्या डॉक्टरांनी कानात बत्ती धरून बघितलं, डोक्यामागे घड्याळ धरलं. "टिकटिक ऐकू येते ना?"

"येते, साहेब."

"मग कान शाबूत आहे. आवाज जाईल, किंवा नाही जाणार. याला औषध नाही. मनाला लावून घेऊ नका."

तो संध्याकाळी परतला. पुढच्या आठवड्यात नव्या वळणावर सात सुरुंग लागले. सगळे आडोशाला गेले. कुशाबाने डोळे मिटले. पहिला बार झाला आणि डाव्या कानातलं सूं एकदम भडकलं. दुसरा. तिसरा. तो दात आवळून मोजत होता. चौथा, पाचवा, मग सहावा. मग काही नाही. फक्त तो आवाज.

"सहा," तो म्हणाला. "एक राहिला."

गोमाजी हसला. "सात झाले. मधले दोन एकदम उडाले. मी सोता मोजले."

"सहाच झाले, मुकादम."

"तुझ्या कानात आधीच वाजतंय, त्यात एक बुडला असेल." चार माणसं हसली. "परवा सायब रस्त्याचं काम बघायला येणार हायत. दिवसभर माणसं बसवून ठेवू? तूच सांग, एक बार ऐकायचा राहिला असेल का नाय? देवाशपथ सांग."

सगळे त्याच्याकडे बघत होते. हैबतीही. आणि कुशाबाने स्वतःला विचारलं. जो कान नसलेला आवाज रात्रंदिवस ऐकतो, त्याने असलेला ऐकला नसेल कशावरून? चार वर्षं त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"असतील सात," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल."

"सात. चला."

हैबती पहार घेऊन कातळावर चढला. दगड बाजूला केले, एक अर्धं भोक दिसलं, तेच पुढे खोल करायला घेतलं. त्या दिवशी घण कुशाबाऐवजी दुसऱ्याच गड्याकडे होता. तिसऱ्या ठोक्याला सातवा सुरुंग उडाला. घणवाला चार हात मागे फेकला गेला, पण वाचला. हैबतीचा उजवा हात मनगटापासून गेला आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली.

साहेब आले, चौकशी झाली. गोमाजीने सांगितलं, "मोजणाऱ्यानं सात सांगितले." सगळ्यांनी ते ऐकलंच होतं. साहेबांनी कुशाबाला विचारलं, "तू सात म्हणालास?"

"म्हणालो, साहेब."

त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. गोमाजी राहिला.

हैबती महाडच्या दवाखान्यातून घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुशाबा त्याच्या ओट्यावर गेला. हैबतीची बायको तुळसा त्याला भाकरी भरवत होती. तिने कुशाबाकडे बघितलं नाही. तो खाली बसला.

हैबती म्हणाला, "खरं सांग. तू किती ऐकले होतेस?"

"सहा."

"मग सात कशाला म्हणालास?"

"मला वाटलं, माझ्या कानानं खाल्ला असेल एक."

"मुकादम काय वाटेल ते बोलेल. त्याचं कोण ऐकतो?" हैबती सावकाश बोलत होता, भाजलेल्या गालामुळे शब्द तुटत होते. "तू आधी सहा म्हणालास, तेव्हा मी पहार खाली ठेवली होती. तू सात म्हणालास, म्हणून उचलली."

तुळसाने ताटली उचलली आणि आत जाताना म्हणाली, "भावोजी, आता येत नका जाऊ."

हैबतीने तिला थांबवलं नाही.

त्यानंतर कुशाबा महाडला भाताच्या वखारीत पोती वाहायला लागला. तिथे मोजायचं काम त्याला एकदा सांगितलं, तर त्याने नको म्हटलं. सणावाराला घरी आला तरी, मधली भिंत सामाईक असूनही, शेजारच्या ओट्यावर तो पुन्हा चढला नाही. भाद्रपदात केव्हातरी गौरीसाठी मैना अंगण सारवत होती. तिने सहज विचारलं, "कानाचं कसं हाय आता?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून त्याने तो आवाज ऐकलाच नव्हता. विचारल्यावर ऐकू आला, बारीक, दूरचा. त्याला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

भिंतीपलीकडे तुळसा नवऱ्याला आंघोळ घालत होती.

"तसाच हाय," तो म्हणाला.