ओढ्यापलीकडची बारा घरं

फ्रान्समधलं आर्तिगू नावाचं गाव जगदीश गमरेनं कधी बघितलं नव्हतं, पुढं बघायचा योगही नव्हता. पण त्या रमजानात त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी पाणचक्कीपासून चर्चपर्यंतची वाट त्यानं वळणासकट सांगितली असती.

गडी महाडच्या बाजूचा. बहारीनला हूरा भागातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. साल चौऱ्याण्णव. रमजानात ऑफिस दोनला सुटायचं, सगळे घरी पळायचे, हा मात्र बोर्डाशी थांबायचा. मोठे साहेब कास्तेरा, त्यांचं घरचं काम होतं. साहेबांच्या गावाला सातशे वर्षं होत होती आणि गावच्या पंचायतीनं त्यांना लिहिलं होतं, अर्ध्या गल्फचे रस्ते तुम्ही काढलेत, आता आपल्या गावाचा एक नकाशा काढा, हॉलात लावू. साहेबांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशाची झेरॉक्स आणून जगदीशपुढं टाकली. यावरून सुबक काढ म्हणाले.

जगदीशनं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्याचा स्वतःचा एक कागद साहेबांच्या ट्रेमध्ये पडला होता. बायको राधा आणि पोरगी संघप्रिया गावाकडं, हा इकडं, असं चौथं वर्ष चाललेलं. फॅमिली व्हिसासाठी कंपनीचं पत्र टाईप झालं होतं, सही तेवढी बाकी. आणि साहेब गुरुवारी रजेवर निघणार होते, महिनाभर.

पण खरं सांगायचं तर जगदीशला त्या कामाचा लळा लागला होता. साहेब खुर्ची ओढून बाजूला बसायचे आणि सांगायचे. डोंगराच्या पायथ्याला गाव. दोनशे बारा माणसं. वरच्या अंगाला चेस्टनटचं रान, तिथं डुकरं चरायला सोडायची. खाली मक्याची शेतं. बर्फ पडलं की पंधरा पंधरा दिवस रस्ता बंद. मठवाल्यांनी गाव वसवलं, मग प्लेग आला आणि निम्मं गाव गेलं, मग राजाची माणसं आली, मग रेल्वे आली आणि रेल्वे गेलीसुद्धा. पहिल्या महायुद्धात एकतीस पोरं मेली, त्यांची नावं चौकातल्या दगडावर. जगदीश रेघा मारत ऐकायचा. त्याला वाटायचं, आपल्या गावाचं असं कुणी सांगितलंय का कधी?

मंगळवारी तो नकाशात ओढ्यापाशी पोचला. ओढ्यावर पूल, पुलापलीकडं खालच्या अंगाला बारा घरं. त्यांची विहीर निराळी. मसणवटा निराळा, मुठीएवढा. आणि तिथनं निघालेली वाट चर्चच्या मोठ्या दाराला जात नव्हती. वळसा घालून मागं जायची, बाजूच्या एका बारक्या दाराला. त्या बारा घरांवर साहेबांच्या लाल पेन्सिलीची फुली होती.

जगदीश बराच वेळ बघत राहिला. घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला, पाणी वेगळं, मढं पुरायची जागा वेगळी, देवाचं दार वेगळं. हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तो अशाच घरात जन्मला होता.

ऑफिसचा नियम असा, की पडलेलं बांधकाम तुटक रेषेनं दाखवायचं. त्यानं धरलं की फुली म्हणजे पडलेलं. बाराच्या बारा घरं त्यानं काळ्या शाईत तुटक रेषेनं काढली, विहिरीसकट.

बुधवारी साहेबांनी बघितलं आणि त्यांचा आवाजच बदलला. फुली म्हणजे काढायचं नाही, म्हणाले. खरवडून टाक. जगदीशनं विचारलं, इथं कोण राहायचं. साहेब म्हणाले, कुणी नाही, गोठे होते. गोठ्यांना मसणवटा कशाला लागतो, हे जगदीशच्या ओठावर आलं होतं. ट्रेमधल्या कागदाकडं बघून त्यानं ते गिळलं.

संध्याकाळी खोलीवर त्यानं मुख्तारला सांगितलं. मुख्तार रत्नागिरीचा, कंपनीचा ड्रायव्हर, तीन वर्षं दोघं एका खोलीत. रोजा सोडून, भजी खाऊन तो लोडाला टेकला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या बापाचा गाव हाय काय रे तो?"

"तसाच समज."

"समज कशाला? पुसून टाक नि सही घे. भाभी नि पोरगी हितं आली, म्हंजे मग काढ घरं, बारा काढ नायतर बाराशे काढ. फ्रान्सवाले काय मोजायला येनार हायत?"

त्याचं काही चूक नव्हतं. जगदीशला रात्रभर ते पटत होतं. आणि त्याला तिथल्याच झिंज भागातला मराठी मंडळाचा गणपतीही आठवत होता. तिथं मंडळातल्या एकानं विचारलं होतं, गमरे म्हणजे नक्की कुठले? हा म्हणाला होता, महाडकडचे. आणि प्रसादाची वाटी घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसला होता. म्हणजे स्वतःच्या घरावर एक फुली त्यानंही मारलीच होती.

गुरुवारी अर्धा दिवस, साडेबाराला ऑफिस रिकामं झालं. खाली मुख्तार गाडी घेऊन थांबला होता, साहेबांना विमानतळावर सोडायचं होतं. जगदीश ब्लेड घेऊन बोर्डाशी बसला. पण घरं खरवडली तर पुलाचं काय? पूल कुठंच जात नव्हता. त्यानं तेच विचारलं. पूल खरवडू का? खरवड, साहेब म्हणाले. मग वाट? तीही. मग चर्चचं बारकं दार?

साहेब बोर्डापासून मागं सरले. मग खुर्चीत बसले. दार कसं खरवडणार, म्हणाले. दार तिथं आहे, रोज दिसतं सगळ्यांना.

मग ते आपसूक बोलायला लागले. त्या लोकांना कागो म्हणायचे. सुतारकी करायचे. चर्चचं छप्पर त्यांनीच घातलं, पण आत शिरायचं वाकून, त्या बारक्या दारानं. प्रसादाचा पाव काठीच्या टोकाला लावून द्यायचे. का, ते कुणालाच ठाऊक नाही, सातशे वर्षांत कुणाला सांगता आलं नाही. कायदा बदलून दोनशे वर्षं झाली, तरी साहेबांची आजी त्याच दारानं जायची. बापानं पुलाच्या अलीकडं घर घेतलं आणि त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही.

"आणि आता नकाशा काढायला त्यांनी मला सांगितलंय," साहेब म्हणाले. "मला. कळतंय का तुला?"

जगदीशला कळत होतं. साहेबांपेक्षा जास्त कळत होतं.

"साहेब, माझं घर पण ओढ्यापलीकडं," तो म्हणाला. "माझ्या हातनं नाही व्हायचं. हे ब्लेड घ्या."

साहेबांनी ब्लेड घेतलं. एकेक घर खरवडलं. हात सवयीचा नव्हता, दोन ठिकाणी नकाशाच्या फिल्मला चरे पडले. शेवटी विहीर गेली, पूल गेला. मग त्यांनी ट्रेमधनं जगदीशचं पत्र काढलं, पेनचं टोपण काढलं आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडं बोट केलं. काढणाऱ्याचं नाव घाल, म्हणाले. तुझी मेहनत आहे, गावाला कळू दे. त्यांच्या मनात खरंच चांगलं होतं.

जगदीशनं चौकटीकडं बघितलं. पत्राकडं बघितलं. चार वर्षं एका सहीच्या अंतरावर होती.

"माझं नाव नको, साहेब."

"का?"

"मी काढला तो हा नाही."

साहेब त्याच्याकडं बघायचं टाळत होते. पेन तसंच हातात होतं. मग त्यांनी टोपण लावलं. पत्र परत ट्रेमध्ये ठेवलं, हळू, पालथं. आल्यावर बघू, म्हणाले. राग नव्हता त्यात. जगदीशसमोर बसून सही करायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती, एवढंच. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन ते जिना उतरले.

मुख्तार त्यांना विमानतळावर सोडून परत आला तेव्हा जगदीश खाली कट्ट्यावर बसला होता. मुख्तारनं काच खाली केली.

"झाली सही?"

जगदीशनं मान आडवी हलवली. मग काय घडलं ते सांगितलं, थोडक्यात. मुख्तारनं स्टेअरिंगवर हात आपटला.

"एक नाव लिवायचं व्हतं रे. एक नाव. तुझ्या बापाचं काय जात व्हतं त्यात?"

"साहेबांची आजी व्हती त्या घरांत."

"मग? तू काय तिचा नातू?"

जगदीश उठला. गाडीत बसला, दार ओढून घेतलं. मुख्तारनं गाडी सुरू केली नाही. आवाज खाली आणून विचारलं, भाभीला आता काय लिवणार.

"लिवतो," जगदीश म्हणाला. "पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला इतक्यात काढू नको म्हणून."