माझ्या छातीवरचा खोटा 'मिगोरो'

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, माझ्यावर कुणी मुळाक्षरं गिरवली नाहीत. जपानातल्या एका डोंगरी देवळाच्या पायऱ्यांशी मासुए-सानचं चहाचं दुकान आहे, त्याच्या खांबावर मी लटकलेली असते. जन्माने मी मिसोच्या पिंपाचं झाकण. दमट हवेत अजूनही माझ्या अंगाला त्या आंबवलेल्या सोयाबीनचा वास येतो आणि गिऱ्हाइकांना उगाच भूक लागते.

मासुए-सानचा नवरा योशिझो याने मला तासून-घासून पाटी केलं. दुकानासमोर एक म्हातारं मेपलचं झाड आहे. त्याच्या पानांची खबर द्यायची, हे माझं काम. त्यासाठी योशिझोने लाकडाच्या चकत्या रंगवल्या: 'अजून हिरवी', 'रंग धरतोय', 'मिगोरो' आणि 'गळू लागली'. मिगोरो म्हणजे पाहण्याची ऐन घटका. ती चकती माझ्या खिळ्यावर चढली की खालच्या गावात निरोप जायचा आणि माणसं डबे बांधून वर यायची. इथे याला पानांची शिकार म्हणतात. पण तेव्हा ती शिकार डोळ्यांनी व्हायची. लोक झाडाखाली हळू बोलायचे. एखादं पान चहाच्या पेल्यात पडलं, तर पेला बदलून मागायचे नाहीत. 'गळू लागली' लावली तरी यायचे, आणि शेवाळावर पडलेला लाल सडा बघत बसायचे. "योशिझोची पाटी खोटं बोलत नाही," असं म्हणायचे. मी फुगायची. लाकूड दमट हवेत फुगतंच, पण हे फुगणं वेगळं होतं.

पुढे योशिझो वारला, आणि लोकांच्या हातात फोन आले. आता शिकार खरीच सुरू झाली! फोटोसाठी माणसं मुळांवर चढू लागली, फांद्या वाकवून गालाशी धरू लागली. टाचांनी तुडवून तुडवून मुळांवरची माती फरशीसारखी टणक झाली. पडलेली पानं फोटोत कचरा दिसतात म्हणून रोज झाडून नेली जाऊ लागली. 'गळू लागली' ही चकती तर खणात जाऊन पडली. गळती पानं पाहायला कोण येणार, म्हणे!

मग एका वर्षी, उन्हाळा नीट सरलाही नव्हता, तोच झाडाची एक अख्खी बाजू लालभडक झाली. खाली यात्रेकरूंची खानावळ आणि खोल्या चालवणारा कुनिमित्सु धापा टाकत पायऱ्या चढून आला.

"मासुए-सान, बघत काय बसलात? लावा मिगोरो! अख्ख्या खोऱ्यात आपला पहिला नंबर!"

"अहो, अजून डास चावतायत. इतक्यात कसला आलाय रंग?"

"झाडाने काय तुमच्या डासांना विचारून रंगायचं? माझ्या खोल्या भरतील, तुमचे दांगोचे लाडू खपतील. छप्पर गळतंय ना तुमचं?"

छप्पर गळत होतंच. मासुए-सानने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'मिगोरो' चढवली. मला तर जीभच नाही. खोटा शब्द छातीवर घेऊन मी सगळ्यांसमोर उभी राहिले.

गर्दी लोटली. आणि मित्रांनो, त्या लोकांनी झाडाला टाळ्या वाजवल्या! पानांच्या कडा करपून वळल्या होत्या, ते कुणाला दिसलं नाही. तांदळाच्या दांगोची काडी चोखत एक बाई म्हणाल्या, "म्हातारं कसं तरतरीत दिसतंय, नाही?"

मासुए-सानच्या हातातली पळी थांबली. योशिझोला लोक हेच म्हणायचे. गाल कसे लालबुंद, अगदी तरणाताठा गडी! तो हसायचा. ती लाली रक्तदाबाची होती. याच दारात तो कोसळला.

ती चूल सोडून झाडाशी गेली. खाली पडलेलं एक पान उचललं, तर ते भाजलेल्या पापडासारखं मुठीत चुरलं. परत आली आणि तिने माझ्यावरची चकती काढली.

"हे काय करताय?" कुनिमित्सु ओरडला. "बस भरून माणसं येतायत!"

"कुनिमित्सु-सान, तुमचे गाल लाल झाले तर आम्ही टाळ्या वाजवायच्या, की डॉक्टर बोलवायचा?"

"आत्ता झालेत ते रागाने!"

"तेच म्हणते मी. लाल व्हायला कारण असतं."

तिने चकती उलटी केली आणि योशिझोच्या कुंचल्याने मागे लिहिलं: 'झाड आजारी आहे. दोरीपलीकडून पाहा.' मग खरोखरच दोरी बांधली. "एवढ्या लांबून आलो आम्ही," म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली. हंगाम बुडाला. उरलेले दांगो तिने देवळात वाटले. छप्पर गळतच राहिलं, आणि कुनिमित्सुने तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज लाकडी काटकीने मुळांभोवतीची माती जपून मोकळी करायची, आणि पडलेली पानं तिथेच राहू द्यायची. वाळलेली फांदी माळ्याकडून कापून घेतली, तेव्हा ती दुकानात पाठ करून बसली होती.

मला अजून संताप येतो. झाड तापाने फणफणत होतं, आणि त्याच्या उशाशी उभं राहून माणसं हसऱ्या चेहऱ्याचे फोटो काढत होती. त्यांना बोलावलं कुणी? मीच!

पुढच्या शरदात सगळं खोरं लाल झालं. आमचं झाड तेवढं हिरवंगार. लोक करवादले, "फुकट आलो!" एका सकाळी कुनिमित्सु वर आला. दोरीशी उभा राहून बराच वेळ मान वर करून बघत राहिला.

"हिरवं आहे," तो पुटपुटला.

"हिरवं आहे," मासुए-सान म्हणाली. एप्रनच्या टोकाने डोळे टिपले आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

माझ्या छातीवर 'अजून हिरवी' होती. इतका मानाचा शब्द मी आजवर मिरवला नव्हता.

तर मित्रांनो, ऐन घटका तुमच्या सुट्टीने ठरत नाही, ती झाडाची असते. हिरवं दिसलं तर नाक मुरडू नका, चहा घ्या. सडा पडला असेल तर झाडू मागू नका, बसा. वेळेआधी लाल दिसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते खाली वाकून पाहा. आणि दोरी ओलांडू नका. ओलांडलीत, तर माझा खिळा सैल आहे आणि मी बरीच जड आहे, एवढं ध्यानात असू द्या.