अकराचा झोका, तीनचा झोका

मी एक जुना झोका आहे. पण मित्रांनो, बागेतल्या झोक्यांशी माझी सोयरीक लावू नका. मी पंचवटीतल्या एका विशेष शाळेचा, छताच्या कडीला टांगलेला रुंद फळीचा झोका. १९९६ साली द्वारका चौकाजवळच्या चंदर सुताराने मला घडवले. माझे कोपरे त्याने दोन दिवस घासले आणि वर जाड गादी शिवून घेतली. कोणी पाहुणा आला की मला हलवून दाखवत, आणि मीही उगाच फुशारून जाई.

ज्या मुलांना गोंगाट किंवा अंगावरच्या कपड्यांची शिवणसुद्धा सोसत नसे, ती माझ्यावर बसून शांत होत. स्नेहलताई शाळेच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. मुलाच्या अंगाला काय हवे आहे, हे ओळखणे त्यांचे काम. पुढे ललित सर आले. मूल असे का वागते, वागण्याआधी काय घडते आणि नंतर त्याला काय मिळते, हे ते बघत. दोघेही जीव ओतून काम करत, पण एकमेकांशी धड बोलत नसत. ताई म्हणत, "ते मुलांना सर्कशीसारखं शिकवतात." सर म्हणत, "त्या नुसते लाड करतात."

२००३ च्या जूनमध्ये निकिता आली. सहा वर्षांची, बोलता न येणारी. तिची आई सिंधुबाई भाजीबाजारात बसायची. निकिता अस्वस्थ झाली की मुठीने स्वतःच्या डाव्या डोळ्यावर मारून घेई.

अकराला ताईंचा तास. निकिताने मारून घेतले की ताई तिला चटकन उचलून माझ्यावर ठेवत, आणि पोर शांत होई. तीनला सरांचा तास. तेव्हा मला दोरांसकट वर गुंडाळून ठेवत. दहा मणी ओवले तरच झोका, आणि मारल्यावर तर मुळीच नाही. निकिता माझ्याकडे बघत राही, मारी, आणि मी खाली येत नाही म्हणून आणखी जोरात मारी. सकाळी चालते ते दुपारी का चालत नाही, हे त्या लेकराला कसे कळावे? ताई आपल्या वहीत लिहीत, 'झोक्याने शांत.' सर आपल्या वहीत लिहीत, 'मारणे वाढले.' दोन वह्या दोन कपाटांत जात. मला सगळे दिसत होते, पण मी पडलो लाकूड. करकरण्यापलीकडे मला काय येणार?

सिंधुबाईला मात्र कळले. जुलैतल्या एका दुपारी टोपली दारात ठेवून ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडं आली का ती आधी मारून घेती, मग झोका भेटतो. मागायची रीतच झालीय तिची. आन् सरांकडं भेटत नाय म्हणून लय मारती. तुम्ही दोघं एकदा बसा ना. मी त्या दिवशी भाजी नाय लावणार."

"पुढच्या आठवड्यात बसू," ताई म्हणाल्या, सरांनीही मान डोलावली. मग शाळेची तपासणी आली, मग दिवाळीची सुट्टी, मग स्नेहसंमेलन. फेब्रुवारीत निकिता डाव्या बाजूच्या भिंतीवर धडकू लागली. डॉक्टरांनी सांगितले, रोजच्या माराने डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला आहे. फार उशीर झाला होता. तो डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघे माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

"मारलं की मीच देत होते," ताई म्हणाल्या.

"आणि तिच्या अंगाची गरज मी बक्षीस म्हणून टांगून ठेवली," सर म्हणाले.

मग त्यांनी एकच वही केली. झोका दोन्ही तासांत ठरल्या वेळी, मारण्याआधीच द्यायचा. मध्येच हवा असेल तर निकिताने माझ्या दोराला हात लावायचा. हे सरांनी शिकवले, आणि झोका किती वेगाने, किती वेळ, ते ताईंनी बघितले. दोन महिन्यांत मूठ उठणे जवळपास थांबले.

दोघांनी मोठ्या आनंदाने सिंधुबाईला बोलावून हे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"दोन महिने लागले व्हय?" ती म्हणाली. "आन् मी सांगून किती झाले?"

सिंधुबाईने निकिताच्या डाव्या अंगाला येऊन तिचा हात धरला आणि उंबरा ओलांडून तिला घेऊन गेली.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. फळीला वाळवी लागली आहे. मित्रांनो, मला रंग द्या, पुन्हा टांगा, असे मी म्हणत नाही. तुमच्या माहितीत एखाद्या मुलाला दोन जाणती माणसे सांभाळत असतील, तर त्यांना एका चटईवर बसवा आणि मुलाच्या आईलाही शेजारी बसवा. भांडली तरी चालतील. पण आजच बसवा. निकिताच्या वेळी सगळेच पुढच्या आठवड्यात बसणार होते.