तोतीबेकाच्या पुढ्यातला पियाला

मित्रांनो, या क्षणी माझ्यात किसलेलं पिवळं गाजर, कोथिंबिरीच्या चार काड्या आणि चमचाभर उकडलेले मूग आहेत. त्यामुळे मी मुळात चहाचा पियाला आहे, हे तुमच्या चटकन लक्षात येणार नाही. मी जुना आहे. किती जुना ते विचारू नका; माझ्या वयाच्या भांड्यांना असे प्रश्न विचारत नाहीत.

माझा जन्म रिश्तान गावचा. तिथले कुंभार साऱ्या फरगाना खोऱ्यात नावाजलेले. पण मला चाकावर चढवलं त्या सकाळी माझ्या कुंभाराचं लक्ष शेजाऱ्याशी चाललेल्या भांडणात होतं. त्या भरात माझं बूड जाड राहिलं. मग त्याला पश्चात्ताप झाला असावा, कारण निळी झिलई आणि डाळिंबाची नक्षी त्याने फार मन लावून केली. आम्ही सहा भाऊ आणि एक चहाची किटली असे मिळून मार्गिलानच्या एका नव्या नवरीबरोबर सासरी गेलो. नवरीचं नाव सनोबर. नवरा इसमत, रेशीम विणणारा.

काय दिवस होते ते! पहाटे मागाची खटखट सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. अंगणातल्या तुतीखाली दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरलेला असायचा आणि त्याच्याभोवती पाहुणे. सूत आणणारे, कापड नेणारे, आणि काहीच न नेता-आणता नुसते बसून राहणारे. चहा आधी माझ्यात ओतायचा, माझ्यातून परत किटलीत, असं तीनदा. मग तो पाहुण्याला. तोही पियाल्याच्या तळाशी घोटभरच. आमच्याकडे ज्याचा मान मोठा त्याच्या पियाल्यात चहा थोडा. संपला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा, म्हणजे पाहुण्याला कळतं की यजमानाला आपण बसायला हवे आहोत. कोणाला काठोकाठ भरून दिला, की त्याने समजायचं, पिऊन निघायची वेळ झाली. सनोबरने चाळीस वर्षांत कोणालाही पियाला काठोकाठ भरून दिला नाही. फक्त एका विमावाल्याला दिला होता. त्याला ते कळलं नाही. तो जेवूनच गेला.

थोरल्या मुलाच्या लग्नात एका वजनदार पाहुण्याने माझ्यावर गुडघा टेकवला आणि माझे दोन तुकडे झाले. तेव्हा फुटकी भांडी शिवणारा एक म्हातारा दारावरून जायचा. त्याने मला बारीक भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेचे तीन टाके घातले. दुखलं, पण मी पाणी धरू लागलो. मात्र टाके घातलेला पियाला पाहुण्यासमोर ठेवत नाहीत. माझी रवानगी भिंतीतल्या कोनाड्यात झाली. तिथून मी सगळं बघत होतो. माझे भाऊ एकेक करून फुटले. किटलीची तोटी फुटली. माग थांबला. दोन्ही मुलं कोरियात कारखान्यात कामाला गेली. सनोबरची सनोबर-बूवी झाली, म्हणजे साऱ्या गल्लीची आजी, आणि इसमतचे इसमत-ओता, म्हणजे आजोबा. दस्तरखान रोज अंथरला जाई, पण त्याच्या तीन बाजू मोकळ्या राहत. पाहुणे येतात ते माणसं असलेल्या घरी, हे मला कोनाड्यात बसून समजलं.

मग थोरल्याने सुट्टीत येताना एक पोपट आणला. जाताना तो इथेच ठेवून गेला. गळ्याला गुलाबी कंठ, अंगाचा तोरा असा की बूवीने त्याचं नाव तोतीबेक ठेवलं. बेक म्हणजे आमच्याकडचा सरदार. या सरदाराने पहिल्या आठवड्यात सोनेरी काठाचे तीन नवे पियाले उलटवून फोडले. चौथ्या वेळी बूवीने कोनाड्यात हात घातला. माझं बूड जाड, मी उलटत नव्हतो. मान म्हणून नव्हे, वजन म्हणून माझी निवड झाली. तरी मला आनंद झाला. नुसतं बसून राहिल्यावर कामाची किंमत कळते.

आता गोष्ट अशी की तोतीबेक हा त्या घरातला एकुलता एक पाहुणा होता. आणि पाहुण्याचं कसं करायचं हे बूवीला कोणी शिकवायला नको होतं. ती माझ्या तळाशी चिमूटभर सूर्यफुलाच्या बिया टाकी. संपल्या की पुन्हा चिमूटभर. मग अक्रोड, मग जर्दाळूच्या बियांचा गर, मग हलव्याचा तुकडा. दिवसातून चाळीस वेळा. तोतीबेकाला सहा वर्षांत भूक म्हणजे काय ते ठाऊक झालं नाही. सफरचंदाची फोड दिली तर तो ती एका पायात धरून नीट बघे आणि ओतांच्या टोपीवर फेकी.

"अहो, रागावू नका हं," बूवी म्हणे. "पाहुण्याला नाही आवडलं."

"मी कुठे रागावतोय? टोपी रागावलीये," ओता म्हणत.

सहाव्या वर्षी तोतीबेक उडेनासा झाला. छातीची पिसं गळाली. चोच वेडीवाकडी वाढली. एका सकाळी तो दांडीवरून धपकन खाली पडला आणि तसाच बसून राहिला, धापा टाकत. बूवी अनवाणी धावली ती थेट मुनिराला घेऊन आली.

मुनिरा गुराढोरांची आणि पाखरांची डॉक्टर. याच गल्लीतली, लहानपणी आमच्याच तुतीखाली फ्रॉक जांभळा करून घेई आणि घरी मार खाई. तिने शेजारच्या कोचकोर-आकांचा तराजू मागवला. हे कोचकोर-आका बाजारात भाजलेल्या बिया विकत आणि तोतीबेक हे त्यांचं सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक होतं.

"एकशे ऐंशी ग्रॅम," मुनिरा म्हणाली. "बूवी, हा पोपट नाही, ही कोंबडी आहे. याचं काळीज चरबीने भरलंय. असंच चाललं तर हा उन्हाळा बघणार नाही."

"मग याला घालू तरी काय?" बूवीने विचारलं.

मुनिराने सांगितलं: सकाळी गाजर, पालेभाजी, कोथिंबीर, उकडलेले मूग. बिया संध्याकाळी एकच चमचा. उपाशी ठेवायचं नाही, रोज वजन करायचं, आणि धीर धरायचा.

मित्रांनो, यातलं वजन तेवढं रोज झालं. पहिल्या सकाळी माझ्यात गाजर पडलं, ते दुपारपर्यंत भिंतीवर होतं. कोचकोर-आका म्हणाले, मधात घोळून द्या. तोतीबेकाने मध चाटला आणि गाजर धुतल्यासारखं स्वच्छ करून परत केलं. मग संध्याकाळचा एक चमचा आला. त्यानंतर ओता नमाजाला गेले, की बूवी हळूच यायची.

"घे रे राजा. दोनच. त्या मुनिराला काय कळतंय! पाहुण्यापुढे गवत ठेवायला मी काय तबेला चालवते?"

बूवी तंदुराकडे वळली, की ओता यायचे. खिशातून चार बदाम काढून माझ्यात टाकायचे आणि खाकरायचे. दोघंही जेवताना एकमेकांना बजावत, "चोरून काही देऊ नका हं!" "मी? तूच देऊ नकोस." घरात चोर दोन आणि साक्षीदार एकटा मी, तोही मुका.

पंधरा दिवसांनी मुनिरा आली. तराजू म्हणाला एकशे पंच्याऐंशी.

तिने मला उचललं, उलटं केलं. माझ्यातून एक बदाम, दोन अक्रोडाचे तुकडे आणि खडीसाखरेचा खडा पडला. मी शरमेने फुटलो असतो, पण टाके मजबूत होते.

"खडीसाखर कोणाची?" मुनिराने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"बूवी, हा तुमच्याकडे येऊन किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि अजून पाहुणा? आपल्याकडे पाहुण्याला तीन दिवस बसवून खायला घालतात. चौथ्या दिवशी तो उठून पाणी भरतो, लाकडं फोडतो, आणि घरात जे शिजेल ते खातो. याला तुम्ही सहा वर्षं तिसऱ्या दिवसावरच ठेवलंय. मानानेच मारताय त्याला."

बूवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं मुनिरा, मुलं गेली, माग गेला. या घरात वाढण्यासारखं कोण उरलंय? तोच एक. त्याला नको ते वाढलं आणि तो रुसला तर? आणि तुझं ऐकून..."

मग ओता म्हणाले, "रडू नकोस. पाहुणा आज ना उद्या उठून जातोच. घरचा कुठे जाणार आहे?"

दुसऱ्या सकाळी ओतांनी स्वच्छ टोपी घातली. मला आणि तोतीबेकाला दस्तरखानावर आणून ठेवलं, आणि एखादा कज्जा सोडवावा तसं जाहीर केलं, "तोतीबेक, आजपासून तू या घरचा. आम्ही खातो ते तू खाशील. घरातल्या मोठ्याने सुरुवात केली की धाकट्यांनी हात घालायचा. सुरुवात मी करतो." आणि त्यांनी माझ्यातली कच्च्या गाजराची चिमूट तोंडात टाकली.

मी त्यांचा चेहरा अगदी जवळून बघत होतो. सत्तर वर्षं या माणसाने गाजर खाल्लं होतं ते फक्त पुलावात, मटणाच्या चरबीखाली दडलेलं.

"हे काय आहे? मी काय बकरा आहे?"

"बकरा असतात तर मागच्या ईदलाच सुटका झाली असती," बूवी म्हणाली. "तुमचीही आणि माझीही." पण तिनेही कोथिंबिरीची काडी उचलली आणि चघळू लागली.

तोतीबेकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. वेडे झालेत अशी त्याची खात्री पटली असावी. तो काही हलला नाही.

असे नऊ दिवस गेले. मुनिराने नेमून दिलेला बियांचा चमचा संध्याकाळी मिळे, वर काही नाही. मी शपथेवर सांगतो, वर काही नाही. रात्री बूवी दोनदा उठून कपाटापर्यंत जाई आणि रिकाम्या हाती परत येई. वजन एकशे ऐंशी झालं, मग एकशे अठ्ठ्याहत्तर. पण सकाळी त्याने माझ्यात चोच घातली नाही. दहाव्या सकाळी दस्तरखानाभोवती आदल्याच दिवशी धुतलेल्या बसायच्या गाद्या होत्या. तोतीबेक पुढे आला, माझ्यातलं सगळं गाजर त्याने चोचीने उपसलं आणि त्या गाद्यांवर भिरकावलं.

"अरे मेल्या!" बूवी कडाडली. "कालच धुतल्या होत्या मी! माझी कंबर काय तुझ्या बापाची आहे? सांडायचं असेल तर झाडायला शीक आधी!"

ओतांच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला. सहा वर्षांत तिने त्याला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती. पाहुण्याला कोण रागावतं? बूवीनेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

तोतीबेकाने मान वाकडी केली. मग तो डुलत डुलत माझ्यापाशी आला, काठावर पाय रोवून उभा राहिला, आणि तळाशी उरलेले मूग एकेक करून खाऊ लागला. बूवी रागावल्यामुळे, की भुकेमुळे, की ओतांचा चेहरा रोज बघून दया आली म्हणून, ते मला माहीत नाही. मी भांडं आहे. माझ्यात काय पडलं आणि काय संपलं एवढंच मी सांगू शकतो. त्या दिवशी मूग संपले.

बूवी रडत रडत गाद्या झटकत होती आणि त्याला शिव्या देत होती.

आता तोतीबेक अंगणाच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर उडतो. छाती पुन्हा हिरवी झाली आहे. कोचकोर-आका आमच्याशी थोडे तुटक वागतात. बूवी त्याला दिवसातून चारदा रागावते, आणि त्यातली निदान दोनदा चूक ओतांची असते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं पाखरू असेल. त्याला पाहुण्यासारखं जपू नका. त्याला आपल्या पंगतीत घ्या आणि त्याच्यासमोर आपण आधी खा. वेळ लागेल, लागू द्या. आणि त्याचं भांडं रोज धूत जा. हे मी स्वतःसाठी सांगतो आहे असं समजलात तरी चालेल.

इसमत-ओतांना मात्र या सगळ्यातून सुटका नाही. मुनिरा म्हणते, आता त्यांनी खाल्लं नाही तरी चालेल. पण सकाळी दस्तरखान अंथरला, मला मधोमध ठेवलं, की तोतीबेक माझ्यापाशी येऊन उभा राहतो आणि ओतांच्या तोंडाकडे बघत थांबतो. घरातल्या मोठ्याने सुरुवात केल्याशिवाय तो हात घालत नाही. मग ओता एकदा बूवीकडे बघतात, एकदा आभाळाकडे, आणि डोळे घट्ट मिटून गाजराची पहिली चिमूट उचलतात.