डोळ्यापासून चार बोटं

मित्रांनो, मी एक जुनी साईट आहे. रायफलीच्या मागच्या अंगाला बसते. नेमबाज माझ्या छिद्रातून नळीच्या टोकाचं कडं बघतो आणि त्या कड्यात लक्ष्याचा काळा ठिपका धरतो. छिद्र मोहरीएवढं, पण ते हललं की सगळा नेम हलला.

भिंगारला पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर काकासाहेब शिकवायचे. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. निकिता सातवीत असताना त्यांनी मला तिच्या एअर रायफलीवर चढवलं.

"डोळं मीट. गाल टेक. आता उघड. पुरं गोल दिसतं का?"

"दिसतं सर, पन मान ताणावी लागती."

"मग मान न्हाई हलवायची, साईट हलवायची. हिला आनू तुझ्याकडं."

मला मागं घेत घेत तिच्या डोळ्यापासून चार बोटांवर आणलं. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. एकच गच्च पिळला तर मी तिरकी बसते.

चार वर्षं मी राबले. नेम डावी-उजवीकडं सरकवायचा माझा खटका झिजला. एक खटका उजवीकडं हवा तर दोन देऊन एक मागं घ्यावा लागे. निकिताच्या बोटांना ते पाठ होतं.

मग क्लबचे अध्यक्ष हनुमंतराव यांनी नवी साईट भेट दिली. डबीवर स्वतःचं नाव, सोनेरी अक्षरात! नेमबाजीतलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण अध्यक्षाला नको कोण म्हणणार? मी काकासाहेबांच्या पिशवीतल्या बिस्किटाच्या डब्यात गेले.

यंदा खंडेनवमीला रायफली पूजेला मांडल्या. अध्यक्षांनी सगळ्यांना ओलं कुंकू लावलं. आपल्या साईटला तर बोट भरून. वर नारळाचं पाणी शिंपडलं. पूजेला बसलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळं छिद्राला डोळा कुणीच लावला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याची निवड चाचणी. राज्य स्पर्धेला तीनच मुली जाणार. पुढच्या वर्षी बारावीत घरचे रायफल हातात धरू देणार नव्हते, म्हणजे निकिताला ही एकच संधी.

सरावाची पंधरा मिनिटं सुरू झाली. तिनं गाल टेकवला आणि दचकली.

"सर, काहीच दिसंना. नुसतं लाल!"

कुंकू छिद्रात वाळून दगड झालं होतं. टाचणीनं कोरावं तर छिद्राची कड जाणार. काकासाहेब साईट सोडवायला लागले, तसे मागून हनुमंतराव ओरडले, "अहो, देवाचं कुंकू पुसू नका! अपशकुन व्हईल."

"अध्यक्ष, देवाला नेम धरायचा न्हाई. पोरीला धरायचाय."

त्यांनी पिशवीतून माझा डबा काढला. "नवी धुवून वाळवू, का जुनी लावू? हिचा खटका झिजलाय, बघ."

"जुनीच द्या. तिची खोड मला माहितीय."

मला तिनं स्वतः बसवलं. रायफलीवरची पट्टी पुसली, चार बोटं मोजली, स्क्रू आळीपाळीनं आवळले. घाई केली नाही. नऊ मिनिटं उरली होती. पहिली गोळी डावीकडं गेली. दोन खटके, एक मागं. सातवी मधोमध.

मग साठ गोळ्या. एक्केचाळिसावी फसली तेव्हा तिनं रायफल खाली ठेवली, डोळे मिटून उभी राहिली आणि पुन्हा उचलली. यादी लागली. निकिता तिसरी!

अध्यक्ष हार घेऊन हजर. "फोटोपुरती आपली नवी साईट लाव की, बाळ."

"काका, हिला सोडली की नेम परत जुळवावा लागतो. राज्याला हीच जाणार. काढा असाच."

फोटो तसाच निघाला. हनुमंतराव त्यात हसलेले नाहीत.

मित्रांनो, आम्हां हत्यारांची, यंत्रांची पूजा खुशाल करा. पण हात जोडून झाले की एक कोरडं फडकं घ्या. आणि एकदा डोळा लावून बघा, पलीकडचं दिसतंय का ते.