आतून लावायची कडी

ज्याच्या दारात दुभतं जनावर आहे, तो गावाला गेला तरी त्याचा जीव गोठ्यातच असतो. किसनरावांनी जन्मभर तसाच प्रवास केला. लग्न असो, तेरवी असो, सकाळची धार काढून निघायचं, संध्याकाळची इंदूबाईंवर सोडायची आणि दुसऱ्या दिवशी परत गोठ्यात हजर. दारव्ह्याजवळच्या त्या गावात त्यांना कोणी कधी दुसऱ्या रात्री बाहेर राहिलेलं पाहिलं नव्हतं.

म्हणून त्यांचा कपिल पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि दिवाळीला दोन दिवस, पोळ्याला एक दिवस असा उभ्याउभ्या येऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याला कधी बोल लावला नाही. उलट पारावर कोणी टोमणा मारला तर तेच समजावत. "नोकरी म्हणजे दुभती म्हैस असते, राजेहो. सोडून कुठी जाता येते काय?"

इंदूबाईंना हे पटत होतं, पण त्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन सोपं आहे, पण नंतर महिनाभर डोळ्यात थेंब टाकायला घरात कोणी हवं, चूल बंद, वाकणं बंद. किसनरावांचे हात पडले ढेकळं फोडणारे. थेंब म्हटला की ते बाटलीच पिळत. इंदूबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "कपिल महिनाभर राह्यला त करीन. पट्टी सोडल्यावर पह्यलं त्याचंच तोंड पाहीन." दोन वर्षं झाली, महिनाभराची सुट्टी काही कपिलला मिळत नाही, असंच किसनराव सांगत आले. आता इंदूबाई गहू निवडायच्या तेही बोटांनी चाचपून.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या शेताचे शेजारी रामलाल आणि त्यांची बायको रुपीबाई बसनं उत्तरेकडची यात्रा करून आले. यात्रेहून आलं की गंगापूजन करायचं, आणलेल्या गंगाजळाची पूजा करून चार माणसांना जेवू घालायचं, ही रीत. जेवणाऱ्यांनीही यात्रेची हकीकत ऐकायची, म्हणजे ऐकणाऱ्याला निम्मं पुण्य लागतं म्हणतात. भर दुपारी मांडवात पंगत बसली. रुपीबाई पोळ्या वाढता वाढता थंडीची, बर्फाची, हरवलेल्या चपलांची गोष्ट सांगत होत्या. किसनरावांच्या पानाशी येऊन थांबल्या.

"अन् भाऊ, तुमचा कपिल नसता त आमचं काही खरं नव्हतं."

किसनरावांना वाटलं, दुसऱ्या कोणाचा कपिल असेल.

"आमची बस पहाडात बंद पडली. सारे गारठून राह्यलो. तं हा पोरगा वरून धावत आला. काहून आला? गाडीवर एमएच एकोणतीस दिसलं, आपल्या यवतमाळचा नंबर, म्हणून आला. आमच्याले खोल्या करून देल्ल्या, चहा पाजला. तिथंच तं राह्यते तो."

"तिथं?" किसनराव म्हणाले.

"पहाडात. त्याच्या आधी समुद्राकाठी होता म्हणे. वरीसभर झालं, असाच फिरून राह्यला." रुपीबाईंनी पानात पोळी ठेवली. "आमच्या शिदोरीत एक भाकर उरलती. वाळून खापर झालती. तोडून तोडून खाल्ली त्यानं."

किसनरावांचा हात वरणात तसाच राहिला. पंगतीतली माणसं त्यांच्याकडे पाहत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हैस विकली काय हो, किसनभाऊ?" दोघं-तिघं हसले.

"कंपनीनंच पाठवलं त्याले," किसनराव म्हणाले, आणि समोरचा घास कसा गिळला ते त्यांनाच कळलं नाही.

बायकांच्या पंगतीत इंदूबाईंनी सगळं ऐकलं होतं, कपिल तिथंही दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो हेही. ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर पुढं ओढून, नवऱ्याचा दंड धरून त्या घराकडे निघाल्या. घराच्या वळणावर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी काय म्हणते, म्हैस सोडून नाही गेला तो. म्हैस घेऊनच फिरून राह्यला. मंग इथं काहून नाही आणत?"

किसनरावांनी ओसरीवर बसून कपिलला फोन लावला आणि इंदूबाईंना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"कुठी आहेस?"

"रुपीकाकू आल्या वाटते. मीच सांगणार होतो, बाबा."

"नोकरी आहे का गेली?"

"आहे ना. पह्यले होती तेच काम. रोज करतो. कॉम्प्युटर संगं असला का कुठूनही होते. फिरणं रविवारी अन् काम सुटल्यावर. सुट्टी मले आजही तेवढीच आहे, दिवाळीले दोन दिवस."

"पहाडात होते, समुद्राकाठी होते, तं बापाच्या घरी काहून नाही होत रे?"

"करून पाह्यलं ना, बाबा. लॉकडाऊनमध्ये."

किसनरावांना तेव्हाचं आठवलं ते सुखाचंच. गावातले सगळे पोरगे आपापल्या घरी, घर भरलेलं, कपिल कापसाच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसलेला.

"मी बोलून राह्यलो का तुम्ही अंगणातून आवाज द्या, मोटर चालू कर. पोते उतरव. एक दिवस मी बड्या साहेबांसमोर आमच्या कामाचा हिशोब सांगून राह्यलो, तं तुम्ही सोयरे घेऊन आत आले. म्हणले, पाहा, दिवसभर खुर्चीवर बसून राह्यते, हेच काम. तिकडं साऱ्यांनी ऐकलं. पुढच्या महिन्यात माह्याजवळचं काम काढून दुसऱ्याले देल्लं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं होतं. तुम्ही म्हणले, घरीच तं आहेस."

किसनरावांना ते सोयरे दिसले. त्यांना आत नेताना आपली छाती केवढी फुगली होती, तेही आठवलं. पोरगा दाखवायला नेलं होतं त्यांना.

"इथं मले कोणी वळखत नाही," कपिल म्हणाला. "म्हणून काम होते."

इंदूबाई फोनकडे वाकल्या. "अन् माह्या डोळ्याचं काय, बापू?"

"काय झालं डोळ्याले? बाबा तं म्हणले, अजून पिकला नाही."

इंदूबाईंनी मान वळवली. त्यांना नवरा धुरकटच दिसत असणार, पण किसनरावांना वाटलं, एवढं स्वच्छ तर तिनं आपल्याला कधीच पाहिलं नसेल.

"त्याले सुट्टी नाही," ते पुटपुटले. "उगाच घोर कायले लावा म्हणून..."

"दोन वर्षं," इंदूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी चाचपून राह्यली." आणि उठून आत गेल्या.

पलीकडून कपिल म्हणाला, "मी येतो, बाबा. पण बसू कुठी?" मग त्याला कामाचं बोलावणं आलं आणि फोन बंद झाला.

किसनराव उठून कापसाच्या खोलीत गेले. कापूस विकून ती मोकळी झाली होती. त्यांनी दार ओढून पाहिलं. बाहेरून जाडजूड कोयंडा होता, चोरासाठी आणि ढोरांसाठी. आतून काहीच नव्हतं. ते दुसऱ्या खोलीत गेले, देवघराच्या खोलीत गेले, तेच. या घरात ते जन्मले, त्यांचा बाप इथंच गेला, आणि आतून लावता येईल असं एकही दार घरात नाही, हे त्यांना आज दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते दारव्ह्याला गेले. लोखंडाच्या दुकानातला माणूस ओळखीचा होता.

"चोरी झाली काय, किसनभाऊ?"

"नाही. आतून लावायची पाह्यजे."

"आतून? कोणापासून?"

"माह्यापासून," किसनराव म्हणाले. दुकानदार हसला. ते हसले नाहीत.

कडी त्यांनी स्वतः बसवली. एक स्क्रू वाकडा गेला. इंदूबाई कालपासून त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण ठोकण्याचा आवाज ऐकून आल्या, दारावरून हात फिरवला, कडी सरकवून पाहिली, काढली, पुन्हा सरकवली.

"फोन लावा त्याले," त्या म्हणाल्या.

कपिलनं लगेच उचलला.

"खोलीले कडी लावली," किसनराव म्हणाले.

"बाहेरून तं होतीच की, बाबा."

"आतून."

पलीकडे कॉम्प्युटर मिटल्याचा आवाज आला. मग कपिल म्हणाला, "डॉक्टरची तारीख घ्या."