वरच्या मजल्यावरची डबी

चोर आले तेव्हा माझ्या घरातला अलार्म वाजलाच नाही. त्यांनी जॅमर आणला होता. एवढंसं यंत्र, पण ते चालू केलं की आसपासचे बिनतारी सिग्नल पोचेनासे होतात. अलार्म कंपनीत गेले, तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, सिग्नल आला नाही म्हणजे काही झालंच नाही." घरातलं होतं नव्हतं ते गेलं, आणि म्हणे काही झालं नाही.

मी कानाची यंत्रं दुरुस्त करते, त्यामुळे बारीक जोडकाम म्हणजे हातचा मळ. तावातावाने इंटरनेटवर शोधलं. जॅमर ओळखणाऱ्या डबीचा आराखडा हौशी लोकांनी खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, सुधारावा आणि सुधारणा सगळ्यांना द्यावी. अट एकच, डब्या दोन हव्यात आणि दुसरी ओळखीच्या घरी. दोघी एकमेकींना सतत हाक मारत राहतात. हवेत गोंगाट वाढून हाक बुडाली, की समजायचं कुणीतरी जॅमर लावलाय.

आता ओळखीचं घर आणायचं कुठून? नवरा गेल्यावर मी या इमारतीत आले, आणि शेजाऱ्यांना अजून जिन्यातल्या पावलांवरूनच ओळखते. पण पुन्हा कुणी घरात शिरलं तर कुणाला कळणार, या घोराने झोप लागेना. शेवटी दोन डब्या जोडल्या आणि मनाचा हिय्या करून एक घेऊन वरच्या मजल्यावरच्या काकांचं दार वाजवलं. काका निवृत्त बसड्रायव्हर, एकटेच राहायचे.

"हिला खायला काय लागतं?" त्यांनी डबी उलटीपालटी करत विचारलं.

"फक्त वीज."

"मग राहू दे. माझ्यापेक्षा स्वस्तात जगते."

त्या दिवसापासून मला शांत झोप लागायला लागली. पण डबी नीट चालते का, हे बघायला सारखं वर कसं जायचं? त्या माणसाला उगाच कशाला त्रास. मी प्रोग्राममध्ये भर घातली, वरच्या डबीची सगळी खबरबात माझ्याच फोनच्या पडद्यावर यायला लागली, चालू असली की हिरवा दिवा. ती सुधारणा सगळ्यांसाठी टाकली आणि वर लिहिलं, "आता शेजाऱ्याला त्रास नको." कुठकुठल्या अनोळखी लोकांनी पाठ थोपटली आणि मी हुरळून गेले. रोज सकाळी हिरवा दिवा बघायचा, काका आहेत म्हणायचं आणि कामाला लागायचं.

परवा संध्याकाळी दिवा लाल झाला. पडद्यावर आलं: जॅमर नाही, हवा स्वच्छ, समोरची डबी बंद. तशीच धावत वर गेले.

काकांनीच दार उघडलं, चांगले धडधाकट. मागे खोलीभर खोकी. ते लेकीकडे कायमचे निघाले होते, सकाळी टेम्पो येणार होता.

"तुमची डबी." वायर नीट गुंडाळून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "खाली द्यायलाच येत होतो."

"अहो काका, आधी सांगायचंत तरी."

"वाटलं, तुम्ही याल तपासायला. सुरुवातीला जास्तीचं दूध आणून ठेवायचो, चहाला."

"ती कधी बिघडलीच नाही हो."

"म्हणून तर."

मला फार लाज वाटली.

"बसा म्हटलं असतं," काका म्हणाले, "पण खुर्च्या बांधून झाल्या."

मी डबी खिडकीत ठेवली आणि खाली वाकून एका खुर्चीची दोरी सोडायला लागले. गाठ पक्की होती.

"राहू द्या, सकाळी परत बांधावी लागेल."

"मी येऊन बांधून देईन," मी म्हणाले.